वाचक विचारतात : वाकायामा, डोंगरातला आणि किनाऱ्यावरचा

जपानच्या वाकायामा प्रांताबद्दल आलेल्या पत्रांतले हे निवडक प्रश्न. प्रवासाला लागणारा वेळ नेहमीच्या गाड्यांचा दिला आहे. बसच्या फेऱ्या हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून निघण्याआधी त्या-त्या तारखेचं वेळापत्रक पाहायचंच.

प्रश्न : ओसाका-क्योतोच्या सहलीला दोन दिवस जोडून कोयासान आणि कुमानो दोन्ही करायचा विचार आहे. नकाशावर दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात. जमेल का? (नाशिक)

नाही जमणार, आणि दोष त्या नकाशाचाच आहे. कोयासान हा बौद्ध मंदिरांचा डोंगर आणि कुमानो होंगू हे कुमानोच्या तीन मोठ्या मंदिरांपैकी एक. त्यांच्यात सरळ रेषेत पंचेचाळीसेक किलोमीटर आहेत. पण मध्ये किई पर्वतरांग आडवी पडली आहे. ‘कोहेची’ नावाच्या जुन्या वाटेने पायी गेलात तर सुमारे ७० किलोमीटर होतात, वाटेत हजार मीटरवरच्या खिंडी लागतात आणि चार दिवस जातात. आगगाडीने जायचं तर आधी डोंगर उतरून उत्तरेला यायचं, मग पश्चिमेला समुद्राकडे, तिथून किनाऱ्याने दक्षिणेला आणि शेवटी बसने पुन्हा डोंगरात. यात अख्खा दिवस संपतो. वाकायामात किलोमीटर मोजू नका, गाड्या मोजा.

किई हा जपानमधला सर्वांत मोठा द्वीपकल्प. त्याच्या पश्चिम आणि दक्षिण बाजूला वाकायामा प्रांत आहे. क्षेत्रफळ सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या सव्वापट, आणि वस्ती नऊ लाखांच्या आसपास. तीन-चतुर्थांश जमीन जंगलाखाली आहे. ‘कि नो कुनी’ म्हणजे झाडांचा मुलूख, त्यावरूनच ‘किई’ नाव आलं असं सांगतात. माणसं राहतात ती दोनच पट्ट्यांत : उत्तरेला किनोकावा नदीच्या खोऱ्यात आणि मग समुद्रकाठी. रेल्वेही तशीच आहे. एक फाटा कोयासानच्या पायथ्याशी जातो, दुसरा मार्ग किनाऱ्याकिनाऱ्याने द्वीपकल्पाला वळसा घालतो. मधल्या डोंगरात फक्त बस.

किमान चार रात्री काढा. पहिल्या दिवशी ओसाकाहून कोयासान, मुक्काम तिथेच. दुसऱ्या दिवशी सकाळी कोयासान पाहून दुपारी खाली हाशिमोतोला उतरायचं, तिथून जेआरच्या (जपान रेल्वेच्या) वाकायामा लाइनने तासाभरात वाकायामा स्टेशन, मग ‘कुरोशिओ’ एक्सप्रेसने सव्वा तासात किई-तानाबे, रात्र तानाबेत. तिसऱ्या दिवशी सकाळच्या बसने होंगू, थोडं चालणं आणि युनोमिने या गरम झऱ्यांच्या गावात मुक्काम. चौथ्या दिवशी बसने शिंगू, तिथून नाचीचा धबधबा आणि किई-कात्सुउरा बंदरात रात्र. पाचव्या दिवशी कुरोशिओने थेट शिन-ओसाका, चार तास. कोयासानहून कुमानोकडे थेट जाणारी एक हंगामी बससेवा आहे. ती साधारण एप्रिल ते नोव्हेंबर चालते, फेऱ्या मोजक्या, वाटेत बदलावी लागते आणि डोंगरी वळणं भरपूर. ज्यांना घाटात मळमळतं त्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

दोनच दिवस असतील तर एकट्या कोयासानला जा आणि कुमानो पुढच्या खेपेला ठेवा.

प्रश्न : जेआर पास कोयासानला चालतो का? सामानाचं काय करायचं? (ठाणे)

ओसाकाच्या नाम्बा स्टेशनातून कोयासानकडे जाणारी गाडी नानकाई या खासगी कंपनीची आहे. तिथे जेआर पास चालत नाही. पास आहे म्हणून जेआरने हाशिमोतोपर्यंत जाऊन तिथे नानकाई पकडणारे लोक पैसे थोडे वाचवतात आणि वेळ बराच घालवतात. नाम्बाहून ‘कोया’ एक्सप्रेसने गोकुराकुबाशीला सुमारे ८० ते ८५ मिनिटं लागतात. या गाडीला आरक्षण आणि वेगळा अधिभार लागतो. साध्या जलद गाडीने, बहुधा हाशिमोतोला बदलून, शंभरेक मिनिटं. हाशिमोतोनंतर रूळ अरुंद दरीत वळणं घेत चढतात, तेव्हा गाडीचा वेग आपोआप सायकलसारखा होतो.

गोकुराकुबाशी म्हणजे ‘सुखावतीचा पूल’. इथून केबल कारने पाच मिनिटांत ३२८ मीटर चढून कोयासान स्टेशन येतं. हा केबल मार्ग १९३० पासूनचा आहे. वर पोहोचल्यावर बरेच जण एक चूक करतात. गाव जवळच असेल असं समजून ते चालू लागतात. स्टेशन ते न्योनिंदोपर्यंतचा रस्ता फक्त बससाठी राखलेला आहे आणि पायी जायला मनाई आहे. स्टेशनाबाहेरच्या बसमध्येच बसायचं. जाण्यायेण्याचं नानकाईचं भाडं आणि डोंगरावरची बस एकत्र धरणारं सवलतीचं तिकीट मिळतं. एक रात्र राहणार असाल तर तेच घ्या.

किनाऱ्याच्या मार्गावर चित्र उलटं आहे. तिथली कुरोशिओ जेआर वेस्टची, त्यामुळे पास चालतो. देशभराचा महागडा पास नको असेल तर जेआर वेस्टचा पाच दिवसांचा कान्साई वाइड एरिया पास शिंगूपर्यंत चालतो. शिंगूला कंपनी बदलते. तिथून पुढे नागोयाकडचा मार्ग जेआर सेंट्रलचा आहे आणि जेआर वेस्टचे प्रादेशिक पास तिथे चालत नाहीत. नागोयाहून ‘नानकी’ एक्सप्रेस शिंगूला सुमारे साडेतीन तासांत आणते. म्हणून एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने जाणाऱ्यांनी तिकिटाचा हिशेब शिंगूला तोडायचा.

मोठ्या बॅगा वर नेऊ नका. केबल कारच्या डब्याला आणि स्टेशनाला पायऱ्या आहेत, गावातल्या बसमध्ये जागा नाही, आणि मंदिरातली खोली बहुधा जिना चढून असते. ओसाकातल्या हॉटेलातूनच बॅग ‘ताक्युबिन’ने पुढच्या मुक्कामी पाठवा. साधारण दुसऱ्या दिवशी पोहोचते, पण डोंगरातल्या गावांसाठी एक दिवस जास्तीचा धरा. पाठीवर दोन दिवसांचे कपडे पुरतात.

प्रश्न : आम्ही जैन आहोत. कोयासानच्या मंदिरात राहिलं तर जेवण चालेल का? (सांगली)

चालेल, पण ‘शाकाहारी’ एवढं एक सांगून थांबू नका.

कोयासानवर शंभराहून जास्त मंदिरं आहेत. त्यांतली पन्नासेक ‘शुकुबो’ म्हणजे यात्रेकरूंना खोली देणारी आहेत. तिथे ‘शोजिन र्‍योरी’ हे भिक्षूंचं जेवण मिळतं. त्यात मांस, मासे, अंडी नसतात. कांदा, लसूण, पात अशा उग्र वासाच्या पाच वनस्पतीही नसतात. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे ‘दाशी’ हे पाणी. बाहेर ते सुकवलेल्या बोनितो माशाचं करतात, इथे कोंबू हे समुद्री शेवाळ आणि वाळलेले शिइताके मशरूम भिजवून करतात. इथवर सगळं तुमच्या बाजूचं आहे.

पुढे अडचण येते. मुळा, गाजर, गोबो नावाचं लांब मूळ, रताळं, बटाटा हे सगळं शोजिनमध्ये सर्रास असतं. पारदर्शक जेलीसारखा कोन्याकूही एका कंदापासूनच करतात. मशरूम तर जवळजवळ प्रत्येक ताटात. शिवाय मसाल्यात मिरिन आणि साके या तांदळाच्या मद्यांचा थोडा वापर होतो. म्हणून आरक्षण करतानाच लिहून कळवा : जमिनीखाली वाढणारं काहीही नको, मशरूम नको, मिरिन-साके नको. किमान आठवडाभर आधी सांगा. आयत्या वेळी ताटासमोर बसून सांगितलं तर स्वयंपाकघर काही करू शकत नाही, कारण गावातली दुकानं संध्याकाळी लवकर बंद होतात. काही मंदिरं अशी विनंती नाकारतात. तो राग समजू नका, दुसरं मंदिर विचारा.

दोन पदार्थ खात्रीने मिळतील. एक ‘गोमा-दोफू’. नाव दोफू असलं तरी त्यात सोयाबीन नसतं. तीळ वाटून कुडझूच्या पिठासोबत घोटून थापतात. खाताना आपल्या खरवसाची आठवण होते. दुसरा ‘कोया-दोफू’ : गोठवून वाळवलेला टोफू, जो रश्श्यात टाकला की स्पंजासारखा फुगतो. कुडझू कंदवर्गातच येतो, हे कडक नियम पाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

शिस्त महत्त्वाची. संध्याकाळी पाचच्या आत पोहोचायचं, जेवण साडेपाच-सहाला, रात्री नऊच्या सुमारास दरवाजा बंद, सकाळी सहा-साडेसहाला प्रार्थना. न्हाणीघर सामाईक असतं. जेवणासह माणशी साधारण १२ ते २५ हजार येन पडतात, खोलीप्रमाणे जास्तही. जेवणासोबत मद्यही मागता येतं. जुने भिक्षू त्याला ‘हान्न्यातो’ म्हणत, म्हणजे ‘प्रज्ञेचा काढा’. व्रत आणि तहान दोन्ही सांभाळायची युक्ती.

डोंगर ८०० मीटरांवर आहे. ओसाकात घाम निथळत असताना इथे रात्री स्वेटर लागतो, आणि जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ असतं. मंदिराच्या लाकडी ओसरीवर तेव्हा जाड मोजे घाला.

प्रश्न : कोयासानवर बाबासाहेबांचा पुतळा आहे हे खरं का? आणि तिथल्या समाध्यांवर आपल्यासारखी अक्षरं कशी? (नागपूर)

दोन्ही खरं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचं अनावरण सप्टेंबर २०१५ मध्ये कोयासान विद्यापीठात तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी केलं. त्याआधी २०१३ मध्ये महाराष्ट्र आणि वाकायामा यांच्यात सहकार्याचा करार झाला होता. पुतळा विद्यापीठाच्या आवारात आहे. मुख्य रस्त्यावरून चालत जाता येतं.

अक्षरांची गोष्ट बाराशे वर्षं मागे जाते. कोयासानचा संस्थापक कूकाई (७७४–८३५) हा ८०४ साली चीनला गेला. चांगआन नगरीत त्याने वज्रयानी परंपरा हुइगुओ या आचार्याकडून घेतली, आणि संस्कृत शिकला तो प्रज्ञ या भारताकडून आलेल्या भिक्षूकडे. तेव्हा बौद्ध मंत्र सिद्धम् लिपीत लिहीत. ही लिपी आणि आपली नागरी या एकाच गुप्तकालीन ब्राह्मीच्या लेकी. भारतात सिद्धम् मागे पडली, जपानमध्ये मंत्रांपुरती जिवंत राहिली. ८०६ मध्ये तो परतला आणि ८१६ मध्ये सम्राट सागाने त्याला हा डोंगर दिला. त्याच्या शिंगोन पंथाचा अर्थच ‘खरा शब्द’, म्हणजे मंत्र.

ओकुनोइनच्या स्मशानवाटेवर ‘गोरिन्तो’ नावाचे पाच दगडांचे स्तंभ जागोजागी दिसतील. खालून वर पाहा : चौकोन पृथ्वी, गोल जल, त्रिकोण अग्नी, अर्धचंद्र वायू आणि टोकाचा मण्यासारखा दगड आकाश. त्यांवर कोरलेली बीजाक्षरं त्याच क्रमाने अ, व, र, ह, ख. वाचायला दोन मिनिटं द्या. अक्षरांची वळणं वेगळी आहेत, पण ‘अ’ आणि ‘र’ ओळखू येतात. मंदिरातला ‘गोमा’ हा अग्नी म्हणजे आपला होम. देवही ओळखीचे : फुदो हा अचल, बेनझाइतेन सरस्वती, ताइशाकुतेन इंद्र आणि कांगितेन गणपती. या शेवटच्याची मूर्ती बहुधा पडद्याआड ठेवतात, ती दाखवा म्हणून आग्रह धरू नये.

ओकुनोइनची वाट इचिनोहाशी पुलापासून सुरू करा. बस त्याच्याही पुढे जाते, आणि गर्दी तिथेच उतरते. त्यामुळे पहिला, सर्वांत जुना भाग त्यांच्या हातून निसटतो. इथून कूकाईच्या समाधीपर्यंत दोन किलोमीटर, दोन्ही बाजूंना दोन लाखांहून जास्त समाध्या : सरदारांच्या, साध्या माणसांच्या, मोठ्या कंपन्यांच्या, आणि वाळवी मारणाऱ्यांच्या संघटनेने वाळवीसाठी उभारलेलीही. शेवटच्या गोब्योबाशी पुलानंतर फोटो, टोपी आणि खाणंपिणं बंद. कूकाई मेला नाही, समाधीत बसला आहे, अशी श्रद्धा आहे. म्हणून भिक्षू दिवसातून दोनदा, सकाळी सहा आणि साडेदहाला, त्याच्यासाठी जेवण नेतात. ते बघायचं तर साडेदहाची वेळ धरा.

स्त्रियांना या डोंगरावर १८७२ पर्यंत कायद्यानेच प्रवेश नव्हता. बसने पहिल्या थांब्यालाच लागणारं न्योनिंदो म्हणजे त्या वेशीबाहेरची बायकांची प्रार्थनाशाळा. अशा सातांपैकी आता ही एकच उरली आहे.

प्रश्न : दर आठवड्याला सह्याद्रीत फिरतो. कुमानो कोदोचा ट्रेक सोपाच असेल ना? बरोबर ६८ वर्षांची आई आहे, तिचे गुडघे दुखतात. (पुणे)

तुमच्या दमाला तो सोपा पडेल. माणसं चुकतात ती चालण्यात नाही, बस आणि मुक्कामात.

कुमानो कोदो ही एक वाट नव्हे, कुमानोच्या तीन मोठ्या मंदिरांकडे (होंगू, शिंगूचं हायातामा आणि नाची) जाणाऱ्या वाटांचं जाळं आहे. २००४ मध्ये ते कोयासानसह जागतिक वारशात गेलं. सगळ्यांत जास्त चाललं जाणारं ते नाकाहेची. किई-तानाबेहून बसने सुमारे ४० मिनिटांत ताकिजिरीला उतरायचं. तिथून होंगू ३८ किलोमीटर. दर ५०० मीटरला क्रमांक घातलेला खांब आहे, १ ते ७५. अडचण आली तर तोच क्रमांक सांगायचा. पहिला चढच खडा आहे, मुळ्या आणि दगडांच्या पायऱ्यांचा. बरेच जण दोन दिवसांत करतात : पहिल्या दिवशी चिकात्सुयु १३ किलोमीटर, दुसऱ्या दिवशी उरलेले पंचवीस. दुसरा दिवस फार लांब होतो. मध्ये एक मुक्काम वाढवला तर आनंदही वाढतो.

ज्याला पाय आजमावायचे आहेत त्याच्यासाठी ओगुमोतोरी-गोए आहे : कोगुची ते नाची, १४.५ किलोमीटर. सुरुवातीलाच आठशे मीटर चढ. या चढाचं नाव दोगिरीझाका, म्हणजे ‘अंग कापणारा चढ’, आणि नावात अतिशयोक्ती नाही. वाट शेवाळलेल्या फरसबंदीची. पाऊस पडून गेल्यावर तिथे आपल्या घाटातल्या कातळासारखी पकड मिळत नाही. उतरताना घसरून मनगटं मोडतात. काठ्यांना रबरी टोपी लावा, नाहीतर दगड आणि मुळ्या दोन्ही खराब होतात. नोव्हेंबरात पाचच्या आतच अंधार पडतो आणि ‘सुगी’ या जपानी देवदारांच्या झाडीत त्याही आधी. सकाळी सातला निघा.

पाऊस इथला स्थायीभाव आहे. किनाऱ्याजवळून कुरोशिओ हा उष्ण प्रवाह वाहतो. त्याच्यावरची दमट हवा थेट डोंगरांना भिडते आणि जपानमधल्या सर्वाधिक पावसाच्या पट्ट्यांपैकी एक इथे होतो. जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत झड, ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत वादळं. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर सर्वांत बरे. शरद ऋतूत मोठ्या गांधीलमाशा चिडलेल्या असतात. काळे कपडे आणि अत्तर टाळा.

आईंसाठी होशिन्मोन-ओजी ते होंगू हा शेवटचा तुकडा घ्या. सात किलोमीटर, बहुतेक उतार, खेड्यांतून आणि चहाच्या मळ्यांतून, अडीच-तीन तास. होंगूहून बस वर सोडते. पण गुडघे दुखणाऱ्याला उतार चढापेक्षा त्रास देतो, तेव्हा गुडघ्याला पट्टा आणि हातात काठ्या असू द्या. तेवढंही नको असेल तर आईंनी बसने होंगूला जाऊन थांबावं, तुम्ही चालत या. नाचीला प्रसिद्ध दाइमोनझाका या देवदारांमधल्या २६७ दगडी पायऱ्या आहेत, आणि त्यानंतरही मंदिरापर्यंत चारशेवर पायऱ्या. त्यांना बसने थेट धबधब्याच्या थांब्याला उतरवा. १३३ मीटरचा नाचीचा धबधबा हाच तिथला देव आहे. त्याच्यासमोर दुसरं गर्भगृह बांधलेलं नाही.

होंगूचं मंदिर पूर्वी नदीच्या वाळूवर, ओयुनोहारा इथे होतं. १८८९ च्या पुराने ते वाहून गेलं. वाचलेल्या इमारती १८९१ मध्ये टेकडीवर हलवल्या. जुन्या जागी आता ३३.९ मीटर उंच तोरी कमान आहे, भाताच्या खाचरांतून दूरवरून दिसते.

मुक्कामाची घरं छोटी असतात, चार-पाच खोल्यांची. वसंतात आणि पानगळीत महिनोन्‌महिने आधी भरतात. तानाबे शहराच्या कुमानो पर्यटन मंडळाची इंग्रजी आरक्षणसेवा आहे, तीच सोयीची. शाकाहारी असल्याचं इथे कोयासानपेक्षा जास्त ठासून सांगा, कारण इथली घरं मंदिरं नव्हेत, मिसो सूपमध्येही बोनितो असतो. वाटेत दुकानं नाहीत म्हणाल तरी चालेल. दुपारचा डबा घरमालकाकडून सांगून घ्या, भाताचे गोळे मिळतात.

बसमध्ये मागच्या दाराने चढायचं, यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची, आणि उतरताना पुढच्या फलकावर त्या क्रमांकाखाली दिसेल तेवढं भाडं पेटीत टाकायचं. सुटे करणारं यंत्र हजार येनची नोट घेतं, दहा हजारांची नाही. दिवसाची शेवटची बस संध्याकाळ होण्याआधीच निघून जाते. तिथे टॅक्सी हात दाखवून थांबत नाही, मुळात दिसतच नाही.

युनोमिनेतलं त्सुबोयु हे नदीकाठचं छोटं लाकडी स्नानगृह जागतिक वारशात आहे. क्रमांक घेऊन ३० मिनिटं, फक्त आपलीच माणसं आत. सामाईक कुंडात उघड्याने उतरायचा संकोच असणाऱ्या मराठी कुटुंबांना ही चांगली सोय. शेजारच्या नव्वद अंशांच्या कुंडात लोक अंडी उकडतात, रताळीही उकडतात.

प्रश्न : माझी आंब्याची बाग आहे. तिथल्या शेतीत काय बघण्यासारखं? (देवरुख)

‘उमे’. मराठीत त्याला जपानी जर्दाळू म्हणता येईल. जपानमधल्या एकूण उमेपैकी सुमारे ६० टक्के एकट्या वाकायामात होतं, त्यातही मिनाबे आणि तानाबे या दोन गावांच्या टापूत. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने या पद्धतीला जागतिक कृषी-वारसा मानलं. तुम्ही बागाईतदार आहात म्हणून कारणंच सांगतो.

इथली जमीन खड्याळ आणि उतार तीव्र. भात घेणं अशक्य. लोकांनी टेकडीचा माथा मोडला नाही. तिथे उबामे ओकचं रान राखलं, त्याखाली उमेची झाडं, अगदी तळाला तळी आणि भात. माथ्यावरचं रान पाणी धरतं आणि दरड थोपवतं. त्या रानात जपानी मधमाश्या राहतात. उमेचा बहर फेब्रुवारीत, जेव्हा दुसरे कीटक फारसे नसतात. शिवाय मुख्य वाण ‘नानको’ स्वतःच्या परागाने फळ धरत नाही, त्याला दुसऱ्या वाणाचे पराग लागतात. म्हणजे माशी नसेल तर पीक नाही. बहरात कडक थंडी पडली की माश्या बाहेर पडत नाहीत. उबदार हिवाळ्यात फुलं वेळेआधी येतात आणि वाणांच्या बहराची गाठ चुकते. त्यात गारपीट. मोहोर गळताना पाहिलेल्या माणसाला याहून जास्त सांगायला नको.

हिरवं उमे हाताने तोडतात, ते मद्यासाठी आणि सरबतासाठी. लोणच्याचं फळ मात्र तोडत नाहीत. झाडाखाली जाळी अंथरतात आणि जूनमध्ये पिकून आपोआप पडलेलं रोज वेचतात. मग फळाच्या वजनाच्या सुमारे २० टक्के मीठ, महिनाभर मुरवणं, आणि तीन-चार दिवस उन्हात उलटपालट. हे झालं खरं ‘उमेबोशी’. ते वर्षानुवर्षं टिकतं. दुकानात मिळणारं बहुतेक मात्र पुन्हा पाण्यात घालून मीठ उतरवलेलं आणि मध वगैरे घातलेलं असतं. ते तेवढं टिकत नाही. शाकाहारींनी ‘कात्सुओ’ लिहिलेलं घेऊ नये, त्यात मासा आहे.

माथ्यावरच्या त्याच ओकपासून ‘बिंचोतान’ कोळसा होतो. शेवटी भट्टीत हवा वाढवून तापमान हजार अंशांवर नेतात आणि रसरशीत कोळसा बाहेर ओढून ओलसर राख-मातीने विझवतात. म्हणून तो पांढुरका दिसतो आणि दोन तुकडे आपटले की धातूसारखा वाजतो. उत्तरेला आरिदाच्या दगडी बांधांवर मिकान संत्री; त्यांतही हा प्रांत देशात अग्रेसर आहे, हंगाम नोव्हेंबर-डिसेंबर.

कारखान्यांबद्दल थोडक्यात : वाकायामा शहरात पोलाद आणि विणमालाचे उद्योग आहेत. शिवण नसलेला अख्खा स्वेटर विणणारं यंत्र शिमा सेइकी या इथल्याच कंपनीने १९९५ मध्ये आणलं. आरिदाचा तेलशुद्धीकरण कारखाना २०२३ मध्ये बंद झाला.

प्रश्न : किनाऱ्यावर राहताना त्सुनामीची भीती किती? (अलिबाग)

भीती नको, पाठ हवा. समुद्राखालची नानकाई घळ किनाऱ्यालगत आहे. दक्षिण टोकाजवळच्या कुशिमोतोसारख्या गावात मोठ्या भूकंपानंतर लाट काही मिनिटांत येऊ शकते. म्हणजे भोंग्याची वाट पाहायला वेळ नाही. हॉटेलात पोहोचल्याबरोबर खोलीच्या दारामागचा नकाशा बघा, खाली उतरून त्या उंच जागेपर्यंत एकदा चालत जा. हादरा जोरदार असेल, किंवा हलका पण लांबलेला असेल, तर सामान सोडून चढायचं. गाडी काढायची नाही. पहिली लाट ओसरली म्हणून परत यायचं नाही, पुढची मोठी असू शकते. रस्त्यावरच्या खांबांवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती वाचायची सवय लावा.

हे शिकायचं तर युआसा स्टेशनला उतरा, वाकायामाहून लोकलने पाऊण तास. शेजारच्या हिरोगावा गावात १८५४ च्या डिसेंबरात, भूकंपानंतरच्या अंधारात, हामागुची गोर्‍यो याने कापणी झालेल्या भाताच्या गंज्या पेटवून लोकांना टेकडीची वाट दाखवली. त्याहून मोठं काम त्याने नंतर केलं. घरदार गेलेल्यांना मजुरी देत स्वतःच्या पैशाने ६०० मीटर लांब, ५ मीटर उंच बांध घातला. १९४६ च्या त्सुनामीत त्या बांधाने गावाचा बराच भाग वाचवला. जुन्या पंचांगाप्रमाणे त्या घटनेची तिथी अकराव्या महिन्याची पाचवी, म्हणून ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिन. बांध अजून आहे, वर चढून चालता येतं.

हा माणूस सोया सॉस बनवणाऱ्या घराण्यातला होता. युआसा हे जपानी सोया सॉसचं माहेर : तेराव्या शतकात चीनहून परतलेल्या भिक्षूने आणलेल्या किंझानजी मिसोच्या पिंपात साचणारा रस लोकांना आवडला, त्यातून तो आला. जुन्या गल्लीत आजही सॉस मुरतो, वासावरूनच रस्ता सापडतो.

वादळाचं मात्र आधी कळतं. सप्टेंबर २०११ च्या वादळात या द्वीपकल्पात दरडी कोसळल्या, रेल्वेचा पूल वाहून गेला आणि कात्सुउरा-शिंगू मार्ग डिसेंबरात सुरू झाला. इथे रेल्वे आदल्या दिवशीच गाड्या रद्द झाल्याचं सांगते. तशी सूचना आली तर हटवादीपणा न करता त्याच दिवशी ओसाका गाठा.

प्रश्न : शिराहामाला मुलांना पांडा दाखवायचे आहेत. (डोंबिवली)

नाहीत. अ‍ॅडव्हेंचर वर्ल्डमधले चारही पांडा जून २०२५ मध्ये चीनला परत गेले. जुनी प्रवासपुस्तकं अजून त्यांचे फोटो छापतात. मुलांना मांजर चालत असेल तर वाकायामा स्टेशनहून किशिगावा लाइनने शेवटच्या किशी स्टेशनला जा, १४.३ किलोमीटर. २००७ मध्ये तामा नावाच्या मांजरीला तिथे स्टेशनमास्तर केलं आणि बंद पडायला आलेली लाइन लोक बघायला येऊ लागले. तामा २०१५ मध्ये गेली, पद तिच्या वारसांकडे आहे. मांजरांना साप्ताहिक सुटी असते, वार पाहून जा.

प्रश्न : आम्हाला होन्शूच्या अगदी दक्षिण टोकाला उभं राहायचं आहे. (इंदूर)

शिओनोमिसाकी, कुशिमोतो स्टेशनहून बसने पंधरा-वीस मिनिटं. दीपगृह आणि गवताळ कडा, एवढंच आहे, पण वारा भरपूर. तेवढ्यासाठी येणार असाल तर पुलावरून किई-ओशिमा बेटावरही जा. १६ सप्टेंबर १८९० च्या रात्री एर्तुग्रुल हे तुर्की जहाज इथल्या खडकांवर फुटलं. पाचशेहून जास्त बुडाले. ६९ वाचले, त्यांना बेटावरच्या गरीब कोळ्यांनी घरातलं धान्य आणि कोंबड्या देऊन जगवलं. स्मारक आणि छोटं संग्रहालय आहे. कुशिमोतोजवळच खासगी रॉकेटतळही आहे. कैरोस रॉकेट मार्च २०२४ मध्ये उडाल्यावर पाच सेकंदांत फुटलं आणि डिसेंबरातला दुसरा प्रयत्नही फसला. उड्डाणाच्या दिवशी रस्ते बंद असतात, त्या तारखा टाळा किंवा मुद्दाम त्याच धरा.

प्रश्न : येताना काय आणावं? (बेळगाव)

उमेबोशी, पण बाटली सामानाच्या बॅगेत. वीस टक्के मिठाचं घ्या, प्रवासात तेच टिकतं. सोया सॉसही तसाच, चेक-इन बॅगेत. मिकान तिथेच खाऊन या, ताजी फळं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय भारतात आणता येत नाहीत. बिंचोतान घ्यायचा मोह होईल. कोळसा विमानात चालेलच असं नाही, म्हणून विकत घेण्याआधी विमान कंपनीला विचारा.